लवूचा इच्छाधीन विचार

लवूने मानसशास्त्र घेतलं आणि लालबागच्या त्या चाळीत कुणाला सुखाने आशा करायची सोय उरली नाही. दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी कॉलेज करणाऱ्या ह्या चिरंजीवांच्या हाती प्राध्यापकांनी 'इच्छाधीन विचार' नावाचं हत्यार दिलं होतं. जे व्हावंसं वाटतं तेच खरं आहे, असं मन धरून चालतं, तो इच्छाधीन विचार. इंग्रजीत विशफुल थिंकिंग. झालं! शेजारचे कुशाबा "मुंबई आपल्यालाच मिळणार" म्हणाले, की हा त्यांचाच चहा पीत म्हणे, "काका, हा इच्छाधीन विचार." कुशाबा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चात लाठी खाऊन आलेले. त्यांनी लवूला चहा देणंच बंद केलं.

दुसऱ्यांच्या आशा खोडून हे शास्त्र थांबलं असतं तर बरं होतं. पण लवूला समोरच्या बिऱ्हाडातली अंबिका आवडत होती, अगदी जिवापाड. आपणही तिला आवडतो असं वाटायला लागलं, की तो स्वतःचीच उलटतपासणी घेई. तिने तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण पाठवलं? शेजारधर्म. शिवाजी पार्कच्या सभेला "चल ना" म्हणाली? गर्दीत सोबत हवी असेल. शाळेत शिकवून परतताना जिन्यात त्याच्यासाठी थांबली? धाप लागली असेल. एकेक पुरावा हा गडी असा निकालात काढी, आणि वर स्वतःच्या कडक बुद्धीवर खूश होई.

तेवढ्यात बातमी आली. येत्या रविवारी अंबिकेला बघायला अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतले पाहुणे येणार होते.

अंबिका आपली सून होईल का, म्हणून लवूच्या आईने, रखमाने, देवाला कौल लावला. देव्हाऱ्यातल्या नारळाला दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली. हात थरथरला म्हणून रखमाने पुन्हा लावला. पुन्हा डावीच. मग तिने उजवी कळी जरा कोरडीच लावली.

"देवान उजवो कौल दिल्यान!" ती ओरडली. "आता तरी बोल त्या पोरीक!"

"आई, इच्छाधीन विचाराचा ह्याहून चांगला दाखला पुस्तकातसुद्धा नाही," असं म्हणून लवू तोंड पाडून गॅलरीत आला.

गॅलरीत अंबिका पातळ वाळत घालत होती. रखमाचा आवाज तिच्यापर्यंतच काय, खालच्या मजल्यापर्यंत गेला होता.

"काय रे, तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"माझ्या वाटण्यात अर्थ नाही, अंबिके. मला जे हवं असतं तेच मला दिसतं."

"हवंसं वाटलं म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, कबूल. पण मग खोटी कशी ठरते रे? हे कुठल्या पानावर आहे?"

हे कुठल्याच पानावर नव्हतं. प्राध्यापक म्हणाले होते, पुरावा बघा. लवू नुसता घाबरत आला होता आणि त्यालाच शास्त्र म्हणत होता.

"अशा वेळी समोरच्या माणसाला विचारतात," अंबिका म्हणाली. "तू विचारशील म्हणून आठवडाभर हेच पातळ वाळत घालतेय मी."

लवूने पातळाला हात लावला. खडखडीत कोरडं होतं.

"माझ्याशी लग्न करशील?" त्याने कसंबसं विचारलं.

"करीन," ती म्हणाली, आणि इतका वेळ त्याची फिरकी घेणारा तिचा आवाज एकदम कापला. "मला वाटलं होतं, तू विचारतच नाहीस."