चंद्रप्रभाकाकूंचा ठिपका

गाझियाबादच्या वसुंधरातल्या मराठी मंडळात घरं छत्तीस. रुचिराने वाटलेले कागद छत्तीस, परत आलेलेही छत्तीस. प्रत्येकावर ‘अडीनडीला कुणाला फोन करता?’ हा प्रश्न आणि खाली तीन रिकाम्या ओळी, म्हणजे एकूण ओळी एकशे आठ. त्यांपैकी सात कोऱ्या होत्या, एकीवर ‘परमेश्वर’ लिहिलं होतं, आणि मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांचं नाव छत्तीस वेळा आलं होतं. छत्तिसावा कागद खुद्द भाऊसाहेबांचा होता.

रुचिरा दिल्लीला मुनिरक्यात खोली घेऊन राहायची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि आता माणसांच्या जाळ्यांचं गणित शिकत होती. माणूस म्हणजे ठिपका, दोघांचा संबंध म्हणजे रेषा. दर रविवारी ती मेट्रो बदलत मंडळातल्या चंद्रप्रभाकाकूंकडे जेवायला जाई. काकू बहात्तर वर्षांच्या, एकट्या, चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही आणि दोन्ही गुडघे रुसलेले. त्यांचा मुलगा आशय गुरुग्रामला बाविसाव्या मजल्यावर राहायचा. त्याने आईसाठी खोली रंगवून ठेवली होती आणि “गाझियाबादला तुझं आहे तरी कोण?” असं दर फोनला विचारायचा. काकूंनी जाऊ नये असं रुचिराला वाटे. आशयदादाला आकडाच दाखवावा म्हणून तिने हा उद्योग आरंभला होता.

“कागद गोळा कुणी केले?” काकूंनी विचारलं.

“भाऊसाहेबांनी. स्वतः घरोघरी गेले.”

“लोक लिहीत असताना ते कुठे होते?”

“सोफ्यावर. चहा घेत.”

“मग त्यांच्या तोंडावर दुसऱ्याचं नाव कोण लिहिणार गं? मीसुद्धा नाही लिहिलं.”

रुचिराने सगळे कागद बाद केले. नवा प्रश्न असा: गेल्या महिन्यात मंडळातल्या कुणाकुणाशी फोनवर पाच मिनिटांहून जास्त बोललात? आठवून सांगायचं नाही, फोन उघडून दाखवायचा. विचारायला ती स्वतः गेली आणि चहा घ्यायचा नाही असं ठरवून गेली. एकोणीस घरांत घ्यावा लागला.

ठिपके छत्तीस, रेषा अठ्ठावन्न. सर्वांत जास्त रेषा भाऊसाहेबांच्या, अकरा. काकूंच्या नऊ. पण कुणाच्या ओळखी किती ही एक गोष्ट, आणि कुणावाचून कुणाची वाट अडते ही दुसरी. म्हणून तिने एकेक ठिपका काढून टाकून पाहिला. भाऊसाहेबांना काढलं तर काहीच तुटलं नाही. त्यांच्याशी बोलणारे एकमेकांशीही बोलत होते, बहुधा त्यांच्याविषयीच. काकूंना काढलं तर जाळ्याचे पाच तुकडे झाले. निवृत्त सरकारी नोकरांची घरं चौदा, आयटीवाल्यांची अकरा, बँकवाल्यांची सहा, शाळाशिक्षकांची तीन. पाचव्या तुकड्यात एकटे शशिकांत कर्णिक, रेल्वेतून निवृत्त झालेले विधुर.

पुढच्या रविवारी आशय आला. त्याने लॅपटॉपवरचं चित्र नीट पाहिलं.

“यार रुचिरा, ठिपके ठीक आहेत. पण गुडघ्यांचं काय?”

गुडघ्यांसाठी रुचिराकडे रेषा नव्हती.

“आता आमच्याकडचं चित्र काढ.”

तिने काढलं. आशय, त्याची बायको चेतना, मुलगा अनिश आणि काकू. ठिपके चार, रेषा सहा. “जेवढ्या शक्य आहेत तेवढ्या सगळ्या आहेत,” असं तिला सांगावं लागलं.

“म्हणजे हंड्रेड पर्सेंट! बघ आई!”

काकू मात्र आधीच्याच चित्राकडे बघत होत्या. “हे काही बरं नाही.”

“काय बरं नाही?”

“इतकी माणसं एका म्हातारीच्या गुडघ्यांवर टांगलेली. रुचिरा, तू दर महिन्याला मोज. मला काढूनही एकच तुकडा राहिला की सांग. त्या आठवड्यात मी गुरुग्रामला जाते.”

“आणि नाहीच राहिला तर?” आशयने विचारलं.

“तर तू इथे लिफ्ट बसव.”

आकडा पाचच राहावा असं रुचिराला वाटत होतं. तसं तिने वहीत लिहिलं नाही.

त्या दिवसापासून काकूंना विसरायला होऊ लागलं. आयटीतल्या तनयाने श्रीखंडाचं विचारलं तर म्हणाल्या, “आता कुठलं आठवायला! साधनाताईंना फोन कर, रिटायर झाल्यात, वेळच वेळ.” साधनाताईंचं पेन्शनचं ॲप उघडेना तेव्हा म्हणाल्या, “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तनयाला विचारा.” बँकेतल्या पार्वतीबाईंना सोलापूरला जायचं होतं. त्यांना शशिकांतांचा नंबर मिळाला.

“काकू, चक्का किती वेळ टांगायचा?” रुचिराने एकदा सहज विचारलं.

“आठ तास. थंडीत दहा,” काकू पोळी उलटत म्हणाल्या.

नोव्हेंबरात तुकडे चार झाले. डिसेंबरात दोन. जानेवारीतही दोनच: एकीकडे चौतीस घरं, दुसरीकडे शशिकांत. त्यांना फोन यायला लागले होते, पण ते दोन मिनिटांत “बरं, ठेवतो” म्हणून ठेवून देत. आशयने लिफ्टची चौकशी केली होती. सोसायटीने त्याला अर्ज करायला सांगितलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी रुचिरा शशिकांतांकडे गेली. त्यांनी चष्मा लावून फोन उघडला आणि तिच्यापुढे धरला. पार्वतीबाईंचा कॉल, पाच मिनिटं अकरा सेकंद. रुचिराने तो दोनदा वाचला.

“काका, एवढं काय बोललात?”

“गाडी सांगितली. कुठे बदलायची तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, जेवलात का.” त्यांनी चष्मा काढला. “मग विचारलं, काय जेवलात.”

अकरा सेकंद सोडून देता आले असते. रुचिरा खाली उतरली, बाकावर बसली, लॅपटॉप उघडला आणि रेषा ओढली. मग काकूंचा ठिपका काढून टाकला.

ठिपके पस्तीस, रेषा एकाहत्तर, तुकडा एक.