मास्तरांचं पथ्य

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानमध्ये आमच्या आणि सोबिरजान मास्तरांच्या अंगणामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीलाही दार. त्यामुळे त्यांच्या घरातलं मला बरंच कळतं. जे कळत नाही ते त्यांची बायको मोहिदिल येऊन सांगते.

मास्तर शाळेत भूगोल शिकवतात. सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही. पण लग्न झाल्यापासून त्यांची एक विचित्र तऱ्हा होती. हिवाळ्यात एकदा-दोनदा, काही घडलेलं नसताना, ते आपलं अंथरूण उचलून पाहुण्यांच्या खोलीत जायचे. चहाचा पेला वेगळा, जेवताना मान खाली, बोलायचं तर तोंडावर हात. आठवड्याभरानं गुपचूप परत.

मोहिदिलनं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं, की नवरा रुसतो. त्यांच्या ओठावर आलेले फोड तिला दिसायचे. त्याला आमच्याकडे उचूक म्हणतात. माणूस घाबरला किंवा त्यानं राग गिळला, की उचूक येतो, असं तिच्या आईनं सांगितलेलं. म्हणजे राग होताच! मग ती आपलं काय चुकलं ते शोधत बसायची. आदल्या शुक्रवारी सासूला उलट बोलले तेच असेल, माहेरी एक दिवस जास्त राहिले तेच असेल. शोधून सापडलं नाही, तरी मांती, म्हणजे खिमा भरलेले मोदक, उकडायची आणि मोकळ्या मनानं माफी मागायची. मास्तर मान डोलावून मांती खायचे, खोलीत परत जायचे.

खरी गोष्ट मास्तरांनी कुणालाच सांगितली नव्हती. लग्नाच्या आधी ताश्कंदच्या एका डॉक्टरनं त्यांना बजावलं होतं, की हे संसर्गजन्य आहे, फोड असताना बायकोला जवळ घेऊ नका. रोगाचं नावही सांगितलं होतं. ते नाव ऐकून लोकांना बाहेरख्यालीपणाचा रोग वाटतो, म्हणून त्यांनी तोंड मिटलं आणि पथ्य धरलं. आपल्या परीनं ते बायकोला जपत होते.

गेल्या वर्षी मुलीचं, झिलोलाचं, लग्न चार दिवसांवर आलं आणि मोहिदिलच्या ओठाला फोडांचा झुपका आला. आयुष्यात पहिल्यांदा.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. बायकोला वाटलं, काळजीनं. मास्तरांच्या डोक्यात वेगळंच होतं: मी तर इतकी वर्षं जपलं. मग हिला दिलं कुणी? त्या दिवशी ते शाळेत न जाता त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेले आणि आडवळणानं विचारू लागले. ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की फोड दिसत नसतानाही हे लाळेतून जातं. फोड असताना जपलंत ते बरोबरच केलंत, पण तेवढ्यानं पूर्ण अडत नाही. तुमच्याकडून लग्नाच्या वर्षीच गेलं असेल आणि आजवर निजून राहिलं असेल. नाहीतर लहानपणी एखाद्या मावशीनं पापा घेतला असेल तेव्हाचं. आता कुणाकडून आलं ते कुणालाच सांगता यायचं नाही.

मास्तर मलम घेऊन घरी आले. बायकोला समोर बसवून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, आपल्याला काय संशय आला तोही. तो नसता सांगितला तरी चाललं असतं.

मोहिदिल संशयावर चिडलीच नाही. तिनं वेगळंच विचारलं.

"म्हणजे तुम्ही रुसला नव्हता?"

"कधीच नाही."

"एकदाही नाही?"

"अगं, कशावर रुसणार? तू किती चांगली वागायचीस. मांती करायचीस."

मग मात्र ती रडली. मला म्हणाली, "बाई, न केलेल्या चुकांची माफी मागण्यात माझं तारुण्य गेलं. आणि ह्यांना वाटत होतं, मला मांती आवडते."

दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही, आणि मास्तर पुन्हा पाहुण्यांच्या खोलीत झोपले. तिसऱ्या दिवशी, मुलीची पाठवणी तोंडावर आल्यावर, तिनं स्वतःच त्यांचं अंथरूण आपल्या खोलीत आणलं. म्हणाली, "माझे फोड जाईपर्यंत तोंड भिंतीकडे करा, पण इथंच झोपा."

लग्नाच्या सकाळी पुलावाच्या कढईजवळ बायका जमल्या. ओठावर ओढणी घे म्हणून सगळ्या तिच्या मागे लागल्या. तिनं घेतली नाही, पण लागू नये म्हणून भेटताना कुणाला गालाला गालही लावू दिला नाही. मास्तरांच्या थोरल्या आत्याबाई तोंडात पाण्याची चूळ घेऊन सरसावल्या. हा भीतीचा उचूक, चेहऱ्यावर पाण्याचा फवारा मारला की जातो, असा त्यांचा हिशोब. मोहिदिलनं त्यांचा हात धरला.

"आत्याबाई, भीतीचा नाही. तुमच्या भाच्यानं दिलाय. चुंबनानं येतो."

आत्याबाईंनी चूळ गिळली. बायकांच्या ओढण्या तोंडाशी गेल्या. आमच्याकडे असलं बोलणं नवी नवरीसुद्धा करत नाही, इथं तर नवरीची आई बोलली होती.

दुपारपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळलं. मास्तर रस्त्यानं निघाले की पुरुष माना वळवून हसतात, आणि भांडण झालं की बायका आपल्या नवऱ्यांना सुनावतात, जरा सोबिरजान मास्तरांकडे बघा, मुलगी सासरी गेली तरी प्रेम केवढं.