खडक कुठे अंग चोरतो

शेवटच्या रविवारी माझं आणि वडिलांचं भांडण ज्वालामुखीवरून झालं. कुंभारीच्या शेतातल्या घरी अप्पा बाजेवर बसून आमटीत कडक भाकरी चुरत होते. मी पुण्याहून आल्याआल्या त्यांच्या उलटतपासणीत सापडले होते.

"तुजा तो ज्वालामुखी, भूकंप झाला की उठतो म्हन."

"कधी उठतो. कधी उलट आणखी गप्प बसतो."

"म्हंजी तुलाबी ठावं न्हाय."

"आहे, अप्पा. आधी खाली वितळलेला दगड वर यायला टेकलेला पाहिजे. मग शेजारची जमीन सरकली, की त्याच्या वाटेवरचा दाब वाढतो नाहीतर कमी होतो. वाढला तर भेग मिटते, कमी झाला तर उघडते आणि तो वर येतो. खाली काही तयारच नसेल, तर कितीही हलवा."

अप्पांनी वाटी तोंडाला लावली. "ही तर मल्लव्वाची हीर झाली की."

चाळीस वर्षं अप्पा विहिरींच्या खडकाला सुरुंग लावायचे. मी आठवीत असताना त्यांनी मायाप्पाकाकांच्या विहिरीत एक बार उडवला. शेजारच्या मल्लव्वाच्या विहिरीतला झरा त्याच दिवशी आटला आणि पलीकडे येडूच्या विहिरीत पाणी दोन हात चढलं. मल्लव्वानं तीन वर्षं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. येडूनं एक नारळ दिला. तेव्हा अप्पांनी बाजेची दोरी ओढून मला दाखवलं होतं: खडक जरासा सरकला तरी एकीकडं अंग टाकतो, दुसरीकडं अंग चोरतो. टाकलं तिथली भेग मिटली, चोरलं तिथली उघडली.

माझ्या प्रबंधातली मूळ कल्पना एवढीच आहे. मी पाण्याच्या जागी वितळलेला दगड घातला आणि गणित मांडलं. पहिल्या पानावर मार्गदर्शकांचे आभार आहेत, संस्थेचे आहेत, संगणक विभागाचेही आहेत. अप्पांचे नाहीत. सुरुंगवाल्याचं नाव तिथं कसं दिसेल, असं मला तेव्हा वाटलं. त्याला सहा वर्षं झाली. दर सुट्टीत ते सांगायचं ठरवून मी येत होते आणि शेंगाचटणी घेऊन परत जात होते.

"मल्लव्वाच्या शिव्या घेतल्यास का त्या पुस्तकात?"

"ते इंग्रजीत आहे, अप्पा."

"मग शिव्या इंग्रजीत कर की. एवडी शिकलीस."

यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आमटी वाढू का?"

"वाढ," अप्पा म्हणाले.

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत. आई चहा घेऊन गेली आणि भरलेला कप तसाच घेऊन परत आली.

आमच्यात दहन नसतं. माणसाला बसवून, कपाळी विभूती लावून मातीत ठेवतात. जागा शेतातच ठरली. माझा चुलतभाऊ नंदीश जेसीबी घेऊन आला. कमरेएवढ्या खोलीवर जेसीबीची बकेट काळ्या कातळावर करकरली आणि थांबली.

"सुरुंग लावावा लागंल," मायाप्पाकाका म्हणाले.

"लावनारा ओसरीवर हार घालून बसलाय, काका," नंदीश म्हणाला.

कुणी हसावं की नाही, कळेना. मग आईच हसली आणि सगळ्यांना मोकळीक मिळाली.

नंदीश माझ्याकडे वळला. "ताई, तू दगडाची डॉक्टर. सांग की कुटं खनायचं."

मी फोनवर नकाशा उघडला, दोन मिनिटं गंभीर चेहऱ्यानं पाहिला आणि दहा पावलांवरची जागा दाखवली. तिथं गुडघ्याएवढ्यावरच कातळ लागला.

"डॉक्टर बदला," मायाप्पाकाका म्हणाले.

फोन खिशात टाकून मी पहिल्या खड्ड्यात उतरले. तळाच्या कातळात एक भेग होती आणि तिच्या दोन्ही बाजूंचा खडक कधीकाळी वीतभर सरकलेला होता. नंदीशला मी तिच्यामागोमाग माती ओढायला लावली. थोड्या अंतरावर भेग वळत होती. तिथं खडक खडकावर रेलून बसला होता, सुई जाणार नाही इतका. पुढं ती उलट वळली. तिथं त्यानं अंग चोरलं होतं आणि मधली जागा कुजून मऊ मुरूम झाली होती.

"इथं," मी म्हणाले.

बकेट पुरुषभर आत गेली. कुठंही अडली नाही.

"पोरीचं पुस्तक बापाच्या कामाला आलं," मायाप्पाकाका म्हणाले.

मल्लव्वानं डोळे पुसले. "हिच्या बापाला एवडं कळलं असतं, तर माजी हीर आटली असती व्हय?"

त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कुणी शिकल्याचं चीज झालं म्हणालं. मी ते सगळं कौतुक माझ्या नावावर जमा होऊ दिलं.

अप्पांना आत बसवलं. विभूती झाली, बेलाची पानं झाली. आईनं माती टाकली आणि बाजूला झाली. माझी मूठ भरलेली होती आणि सगळे थांबले होते.

"अप्पा," मी म्हणाले. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "ही जागा मी नाही शोधली, तुम्ही शोधलीत. पुस्तकही तुमचंच आहे, त्यातलं इंग्रजी तेवढं माझं. मला लाज वाटली म्हणून मी तुमचं नाव घातलं नाही. लाज वाटावी असं तुमच्यात काही नव्हतं."