हार घातलेली पेटी

मित्रांनो, सागवानी अंगाची, साडेतीन सप्तकांची बाजाची पेटी म्हणजे मी. वय झालं आहे. माझी हकीकत सांगायला बसलेच आहे, तर आधी माझा दोष सांगून टाकते. माझा स्वभाव फार जळका आहे.

धुळ्याच्या एका कारागिराने मला घडवलं. माझे पितळी सूर त्याने एकेक करून कानाशी धरून घासले, भात्याला मऊ कातडं लावलं. साक्रीच्या रुपचंदभाऊंनी मला घरी नेलं. ते शाळेत शिपाई होते आणि संध्याकाळी गावोगाव भीमगीतं गात. उंच माणूस, गळ्यात निळा रुमाल, आणि आवाज असा की आठवडी बाजारातली गर्दीही थांबून ऐके. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी मला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, "हाई मनी सवत शे." मला त्याचा रागच आला नाही. उलट बरं वाटलं.

पण रुपचंदभाऊंना पेटी वाजवता येत नव्हती. मला वाजवायचे ते त्यांचे मित्र कौतिकभाऊ. बाजारात त्यांचं कपडे शिवायचं छोटं दुकान होतं. दिवसा मी तिथेच असे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते मला शिलाई मशीनशेजारी ठेवत आणि चाली बांधत. गाण्याचे शब्द रुपचंदभाऊंचे, चाल कौतिकभाऊंची. शाळेला निघालेल्या मुलीचं एक गाणं त्यांनी असंच एका दुपारी बांधलं, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं धातूचं टोपण तसंच ठेवून. त्या टोपणाची टकटक माझ्या पट्ट्यांवर व्हायची. पुढे हेच गाणं सगळ्यांत गाजलं.

कार्यक्रमात रुपचंदभाऊ पुढे उभे राहत. मी मागे, आणि माझ्याही मागे कौतिकभाऊ. टाळ्या पुढेच संपायच्या. हार पुढच्या गळ्यात पडायचे. मी मनातल्या मनात जळायचे. कौतिकभाऊ काही बोलत नसत, पण टाळ्या सुरू झाल्या की त्यांचा भात्यावरचा हात जड व्हायचा. ते फक्त मलाच कळायचं.

मग त्या गाण्यांची कॅसेट निघाली. वेष्टनावर रुपचंदभाऊंचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, 'गीत, संगीत, गायन : रुपचंद'. कौतिकभाऊ ती हातात घेऊन घरी आले.

"रुपचंद, चाल कोनी बांधी?"

"छापनारानी चूक शे रे."

"मंग सुधार."

"आते छापाई गयं, कौतिक. कोन वाचस इतलं बारीक?"

कौतिकभाऊंनी कॅसेट ओट्यावर ठेवली आणि ते निघून गेले. महिनाभरात त्यांनी दुकान हलवलं आणि ते धुळ्याला राहायला गेले. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. रुपचंदभाऊंनी दुसरे वाजवणारे आणले, पण कोणी टिकलं नाही. शेवटी मला जुन्या लुगड्यात गुंडाळून पलंगाखाली सरकवलं. कधीमधी ते मला बाहेर काढत, एकच पट्टी दाबत, ऐकत बसत आणि परत ठेवून देत. सहा वर्षांपूर्वी ते गेले. मग तेवढंही राहिलं नाही. उंदरांनी मात्र माझी आठवण ठेवली.

गेल्या हिवाळ्यात दोन तरुण मुलं घरी आली. प्रशील बँकेत नोकरीला होता, साक्षी इंजिनिअरिंग शिकत होती. रुपचंदभाऊंची गाणी जशीच्या तशी वाजवणारा बँड त्यांनी काढला होता. धुळ्यातल्या एका कर्मचारी क्लबात त्यांचा कार्यक्रम होता, आणि प्रमिलाबाई पाहुण्या म्हणून हव्या होत्या.

"आजी, भाऊंची पेटी पण आणा," साक्षी म्हणाली.

माझ्या अंगात जीव आला. मला वाजवणार!

क्लबात पोहोचल्यावर मला एका मेजावर ठेवलं, झेंडूचा हार घातला आणि समोर उदबत्ती लावली. स्टेजच्या मधोमध, दिव्यांखाली, एक काळा चकचकीत कीबोर्ड उभा होता. त्याला भाता नाही, सागवान नाही, पितळ नाही. त्याच्यावर साक्षी बोटं फिरवून बघत होती. आणि ऐका, त्यातून माझाच आवाज येत होता! मित्रांनो, तेव्हा मी जी पेटले, ते सांगता येत नाही. त्याच्या वायरी जळून जाव्यात, असंही मी मनात म्हटलं.

सभागृह भरलं. लोक बायकामुलांना घेऊन आले होते, वडापाव खात गप्पा मारत होते. चौथ्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर एक वाळलेला म्हातारा एकटाच बसला होता. मी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि ओळखलं. कौतिकभाऊ! त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पोस्टर वाचून ते आले होते, आणि हाताची घडी घालून, ओठ दाबून बसले होते. तो चेहरा मला चांगला समजला. परीक्षेला बसलेल्या परक्या मुलाचा पेपर तपासायला बसावं, तसा.

प्रशील निळा रुमाल बांधून आला. कानावर डावा हात, कडव्याआधीचं खाकरणं, सगळं हुबेहूब. लोकांनी शिट्ट्या मारल्या. निवेदक म्हणाला, "शब्दही त्यांचे, चालही त्यांची आणि गळाही त्यांचाच! दिवंगत रुपचंदभाऊ!" पहिल्या रांगेत प्रमिलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कितीतरी वर्षांनी त्यांच्या घरातल्या माणसाचं नाव असं मोठ्यानं घेतलं जात होतं.

मग शाळेच्या मुलीचं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यानंतर नुसत्या पेटीचा तुकडा आहे. साक्षी तो वाजवू लागली. बारकावा एकही सुटला नाही. आणि शेवटाकडे येताना तिनं एक सूर जरासा शेजारच्या सुरावर घासून घेतला.

चौथ्या रांगेतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. कौतिकभाऊ उभे होते. हसत होते आणि डोळे गळत होते.

"पोरी, थांब जराशी. तो सूर चुकेल शे!"

बँड थांबला. साक्षी गोंधळली. "नाही आबा, कॅसेटमध्ये असाच आहे. मी शंभर वेळा ऐकलंय."

"कॅसेटमा चुकेलच शे. त्या दिनले सुई टोचेल व्हती, चिंधी बांधेल व्हती. मन्हं बोट घसरनं व्हतं."

खरं होतं ते. त्या दिवशी कौतिकभाऊंनी पुन्हा वाजवतो म्हटलं होतं, तेव्हा रुपचंदभाऊच म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे, पेटीकडे कोन ध्यान देस?"

निवेदक पुढे आला. "आबा, कार्यक्रम संपल्यावर बोलू. आता बसून घ्या."

कुणीतरी मागून ओरडलं, "कोण आहे हा?"

कौतिकभाऊ खाली बसू लागले. मी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. मघाशी मिळालेलं ते सगळं कौतुक त्यांच्याच घरात राहिलं असतं. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या संध्याकाळी ज्या माणसाने नेल्या, त्याच्यासाठी त्यांनी का बोलावं?

त्या उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"त्यास्ले बसाडू नका. त्या खरं सांगी राह्यनात. मना मालक गायेत, चाल कौतिकभाऊ बांधेत. बठ्ठ्या, एकूण एक चाली त्यास्न्याच शेत." मग म्हणाल्या, "मना मालकले बी हाई माहीत व्हतं. सांगाले जीभ उचलनी नही."

प्रशीलने गळ्यातला रुमाल काढला, खाली उतरला आणि कौतिकभाऊंचा हात धरून त्यांना स्टेजवर घेऊन आला.

ते सरळ माझ्याकडे आले. हार काढून बाजूला ठेवला. भात्यावर हात ठेवला. तीस वर्षांनी! मी सगळा जोर लावला. पण कुरतडलेल्या कातड्यातून नुसती फुस्स हवा निघून गेली. एक पट्टी दबली ती वर आलीच नाही. त्यांनी मला थोपटलं आणि ते कीबोर्डकडे वळले.

"बरोबर सूर कोणता, आबा?" साक्षीनं विचारलं.

त्यांनी त्या परक्या काळ्या पट्टीवर एक बोट ठेवलं. सूर शुद्ध निघाला. माझ्या पट्ट्यांवर फिरलेलं बोट, माझा सूर, आणि तो त्या कीबोर्डमधून! त्याहून जास्त मी आयुष्यात कधी जळले नाही. पण त्याच क्षणी कौतिकभाऊंचा चेहरा दिसला. असा चेहरा मी आमच्या सोबतीच्या साऱ्या वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. टाळ्या वाजत होत्या आणि त्यांचा हात जड झाला नव्हता.

मग मी कुणाला काय म्हणणार?

साक्षीनं तुकडा दोन्ही रीतींनी वाजवून पाहिला. "आबा, मला चुकलेलाच आवडतो," ती म्हणाली. ते म्हणाले, "मंग तोच वाजाड. पन मन्ही चूक शे, हाई सांगी दे."

निघताना त्यांनी प्रमिलाबाईंना विचारलं, "वहिनी, पेटी मी लई जाऊ का?"

"नही," त्या चटकन म्हणाल्या. माझ्यावरचा हात त्यांनी उचलला नाही. "घर या. तठेच नीट करा. मी चहा करसू."

आता दर रविवारी कौतिकभाऊ एसटीने साक्रीला येतात. भात्याला नवं कातडं त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलं. चार सूर अजून मुके आहेत. ते चार सोडून जमेल ते वाजवतात, आणि प्रमिलाबाई भाजी निवडता निवडता ऐकतात.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य गुंडाळून ठेवलेलं असेल, तर आजच बाहेर काढा. त्याला हार घालू नका, उदबत्ती लावू नका. धूळ झटका आणि वाजवा. वाईट वाजलं तरी चालेल. आणि कुठलंही गाणं आवडलं, की मागे कोण बसलं होतं तेही विचारा. ते माणूस समोर आहे, ऐकू शकतं आहे, तोवर त्याचं नाव घ्या.