टपरीवरचा काचेचा ग्लास

मित्रांनो, मी एक जुना काचेचा ग्लास आहे. चहाच्या टपरीवर उभे आयुष्य काढलेला. भट्टीत वितळलेली लालबुंद काच साच्यात दाबून मला घडवले. दवाखान्यासमोरच्या टपरीवर आलो, तेव्हा चहावाल्याने मला उन्हात धरून पाहिले. "वा! यात साधा चहासुद्धा ऐटीत दिसेल," तो म्हणाला.

आम्हाला सांभाळायची ती मावशी. बादलीपाशी बसून ती दिवसभर ग्लास विसळायची. आम्ही एकमेकांवर आपटलो, की म्हणायची, "भांडू नका रे, सगळ्यांची पाळी येणार आहे." रुग्णांचे थकलेले नातेवाईक माझ्याभोवती बोटे गुंडाळून बसत. तेवढीच त्यांच्या तळव्यांना ऊब.

मग एक विक्रेता प्लॅस्टिकच्या कपांच्या थप्प्या घेऊन आला. "धुवायची कटकटच नाही. प्या आणि फेका!" चहावाल्याला ते पटले.

मावशीने ओले हात पुसत विचारले, "मग मी काय करू?"

"आता आराम कर, मावशी."

आराम कुणाला हवा होता? तिने बादली उपडी घातली आणि निघून गेली. आम्ही खोक्यात बंद झालो.

वर्षामागून वर्षे टपरीमागच्या नाल्यात कप साचत गेले. एका पावसात नाला तुंबला. घाण पाणी टपरीत शिरले, दवाखान्याच्या पायऱ्या चढले. रुग्णांना खुर्चीसकट उचलून न्यावे लागले. चहावाला गुडघाभर पाण्यात उतरून हातांनी कप उपसू लागला.

"ओळखलेत का?" त्याची बायको म्हणाली. "सगळे आपलेच आहेत."

पाणी ओसरल्यावर त्याने खोके उघडले. माझी निम्मी भावंडे तडकली होती. मला घासूनपुसून, सोबत किटलीभर चहा घेऊन तो मावशीचे घर शोधत गेला.

"चुकलो, मावशी. ग्लास परत काढलेत. तू ये."

तिथे त्याने माझ्यात चहा ओतला. मावशीने मला हातात घेतले. तिचे हात थरथरत होते; थोडा चहा सांडला.

"आता ग्लास हातात ठरत नाही रे. तेव्हा थांब म्हणाला असतास, तर हे हात चालते राहिले असते." चहावाल्याने मला तिच्या ओठांशी धरले. घोटघोट करत तिने चहा संपवला.

आता बादलीपाशी तो स्वतः बसतो. त्याचा हात घाईचा; अधूनमधून आमच्यातला एखादा फुटतो. तो तुकडे गोळा करतो.

मित्रांनो, चहा काचेच्या ग्लासातच मागा आणि पिऊन झाल्यावर आम्हाला जपून खाली ठेवा. आम्हाला जपणारे कुणी तुमच्या घरीदारी असेल, तर त्याला 'आराम कर' म्हणण्याआधी एकदा त्याच्या मनातले विचारा.