टाच बोटभर बाहेर

"आता हे ऐक," म्हणत जीवनरावांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि वाचण्याआधीच हसले. "'बकरीने गीतांच्या पुस्तकाची तीन पानं खाल्ली. प्रियांनो, आपल्यातही असे पुष्कळ आहेत. पोटात वचन आहे, पण तोंडातून अजून बें-बेंच निघते.' कसं हाये?"

"चार पानं खाल्ली होती," हर्षाबाई म्हणाल्या.

"तीननं काय बिघडते वं?"

"काही नाही. चार होती म्हणून सांगितलं."

त्यांनी पट्टी पुढच्या ओळीखाली सरकवली. टेबलावर पुस्तकाची प्रुफं होती. अकोल्याच्या जुन्या मिशन कंपाउंडमधल्या छोट्या चर्चचे पाळक जीवन तायडे येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. आयुष्यभर त्यांनी हसवत हसवत उपदेश केला होता, आणि मंडळीने वर्गणी काढून त्यातल्या चाळीस गोष्टी छापायच्या ठरवल्या होत्या. पुस्तकाचं नाव 'हसा आणि जागे राहा'. टाकीत पाणी नसलेला कूलर आवाज तेवढाच करतो पण गारवा देत नाही, तसा प्रार्थनेवाचूनचा उपदेशक, ही नववी गोष्ट. ती सांगताना ते तोंडाने कूलरचा आवाज काढत, आणि मागच्या बाकावरची पोरंही झोपेतून उठत.

प्रुफं तपासायचं काम हर्षाबाईंकडे आपोआप आलं होतं. गेली एकतीस वर्षं त्या कृषी विद्यापीठाच्या माती तपासणी प्रयोगशाळेत सहायक होत्या. नमुना कुठल्या शेतातून घेतला, किती खोलीवरून घेतला, हे पिशवीवर लिहिलेलं नसेल तर त्या पिशवी परत करत. शेतकरी म्हणे, "बाई, माती त खरीच हाये ना!" त्या म्हणत, "खरी असंन भाऊ. पण कुठची ते माहीत नसलं तर तिच्यावरून काही सांगता नाही येत."

सतराव्या गोष्टीवर पट्टी थांबली.

"'एका रविवारी आमच्या सौभाग्यवती उपासनेला आल्या, त्या एका पायात तपकिरी आणि एका पायात निळी चप्पल घालून. निळी तर इतकी लहान, की टाच बोटभर बाहेर लोंबत होती. मी म्हणालो, पाळकीणबाई, एक पाय स्वर्गाकडे अन् एक बाजाराकडे निघाला काय? प्रियांनो, दोन धन्यांची चाकरी करणाऱ्याचं असंच होतं. चालतो खरा, पण लंगडत.'"

हर्षाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"ही काढा."

"काय?"

"ही गोष्ट काढा पुस्तकातून."

जीवनरावांनी मुखपृष्ठाचा कागद उचलून त्यांच्यापुढे धरला. पुतण्याने, पियुषने, काढलेलं चित्र होतं. एक तपकिरी चप्पल, एक निळी. "अवं, कव्हरच तिचं हाये! अमरावतीच्या अधिवेशनात लोकायनं दोनदा सांगाले लावली. वरूडले त संत्र्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर मले म्हने, 'चपलावाले पास्टर तुमीच काय?' अन् तू म्हनतं काढा?"

"हो."

"एकोणीस वर्षं हासली, आता राग आला काय?"

"मी नाही हासली कधी."

जीवनरावांनी मुखपृष्ठ खाली ठेवलं. ते आठवू लागले. पुढच्या बाकावर हर्षा खाली मान घालून बसलेली असायची. ते त्याला लाजणं समजत आले होते.

"बरं, कारण सांग. उद्याच्या उद्या काढतो."

"कारण नाही सांगता येत."

"मंग काढताही नाही येत," ते म्हणाले. बोलले विनोदानेच, पण हसू त्यांनाही आलं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वीचा तो रविवार पोळ्यानंतरचा होता. उपासनेच्या टेबलावर ठेवायला फुलं आणायची म्हणून हर्षाबाई सकाळी साडेसहाला कंपाउंडमागच्या जुन्या विहिरीकडे गेल्या. तिथे कण्हेर होती. कण्हेरीखाली, विहिरीच्या काठाला, निळ्या रबरी चपला काढून ठेवलेल्या दिसल्या. पसरलेल्या नव्हत्या. नीट, जोडीने, चर्चच्या पायरीशी काढाव्यात तशा.

त्यांनी आत डोकावलं. विहिरीला पायऱ्या होत्या, आणि पाण्याला लागलेल्या पायरीवर मनकर्णा बसली होती. पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. पंच उत्तमरावांची बायको. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पाच पंचांमध्ये उत्तमराव सगळ्यांत वडील.

पायऱ्यांवर शेवाळ होतं. हर्षाबाईंनी आपल्या तपकिरी चपला तिथेच काढल्या आणि भिंतीला धरत खाली उतरल्या. मनकर्णाच्या पाठीवर, पोलक्याच्या वर, पट्ट्याचे वळ होते. दोन जुने, एक ताजा. हर्षाबाई तिच्या शेजारी बसल्या. त्यांनीही पाय पाण्यात सोडले. बराच वेळ गेला. पाण्यात एक बेडूक दोघींकडे पाहत होता.

"पानी थंडं हाये," शेवटी मनकर्णा म्हणाली.

"हो. चाल, उपासनेले उशीर होते."

वर येता येता मनकर्णाने त्यांचा हात घट्ट धरला. "कोनाले सांगू नका बाई. पाळकसायबालेही नाही. ते चांगले हायेत, पन त्यायले गोष्ट पोटात ठेवता नाही येत. यांच्या कानावर गेलं त मी मेलीच समजा."

"नाही सांगत."

"शपथ घ्या येशूची."

"शपथ नको. नाही म्हटलं म्हणजे नाही."

काठावर चार चपला होत्या. दोघींचे पाय ओले, दोघींचं लक्ष दुसरीकडे. हाताला हात धरून, पायाला लागेल ती चप्पल सरकवून दोघी चर्चकडे निघाल्या. पायरीशी चपला काढताना हर्षाबाईंच्या ध्यानात आलं, पण तोवर पहिलं गीत सुरू झालं होतं. उपासना संपल्यावर उत्तमरावांनी बायकोला घाईने पुढे घातलं, आणि आली होती तशाच, बदललेल्या चपला घालून ती निघून गेली. मागे राहिली एक तपकिरी अन् एक निळी, तीच हर्षाबाईंनी पायांत सरकवली. दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी हात मिळवणाऱ्या जीवनरावांचं नेमकं तिकडे लक्ष गेलं.

त्या दिवशी चर्चमधून वेगवेगळ्या चपला घालून दोन बाया बाहेर पडल्या होत्या. पाळकाने एकच पाहिली.

उत्तमरावांच्या दारात जाऊन हर्षाबाईंनी त्या आठवड्यात त्यांना वळांबद्दल एकदाच विचारलं, विहिरीचं नाव न काढता. नंतरही दर बुधवारी महिला मंडळाच्या निमित्ताने त्या तिथे जात राहिल्या. पट्टा थांबला. तोंड नाही थांबलं. आणि चपलांची गोष्ट निघाली की चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने उत्तमराव हसत.

प्रुफांवरून बोलणं झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी बुधवार होता. महिला मंडळाची प्रार्थना झाली, बाया पांगल्या, मनकर्णा कपबशा विसळायला मागे राहिली. आता तिचे केस पांढरे झाले होते, पण अंगाने होती तशीच, लहानखुरी.

"पुस्तक निंगून राह्यलं म्हनते पाळकसायबाचं."

"हो."

"त्याच्यात ते हाये काय?"

हर्षाबाईंनी नळ बंद केला. "आहे अजून."

"बोलनं उडून जाते बाई," मनकर्णा म्हणाली. बशी पुसून झाली होती, तरी ती पुसतच राहिली. "मानसं हासतेत अन् घरी जातेत. पुस्तक घरात राहते. नातू वाचून दाखवीन मले. म्हनीन, आजी, हास ना." मग बशी ठेवून म्हणाली, "नाही जमत असंन त राहू द्या. तुमी कमी नाही केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत निघण्याआधी हर्षाबाईंनी सतराव्या गोष्टीचं पान काढलं. कारण सांगायचं नव्हतं. पण जे पाळकांनी स्वतः पाहिलं होतं, स्वतः लिहिलं होतं, ते त्यांना परत दाखवायला हरकत नव्हती. 'टाच बोटभर बाहेर लोंबत होती' या ओळीखाली त्यांनी पट्टी ठेवून रेघ ओढली आणि समासात पेन्सिलीने लिहिलं : या मापाची चप्पल आपल्या घरात कोणाची होती?

संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा जीवनराव मागच्या पायरीवर बसले होते. पान मांडीवर होतं.

"आपला अंकुर तवा अमरावतीले बोर्डिंगात होता," ते म्हणाले. सलाम नाही, चहा नाही.

"हो."

"घरात आपुन दोघंच. तुहा नंबर सात."

"हो."

"मंग ती पाच नंबराची..." ते थांबले. "मी सोताच लिवलं वं, टाच बाहेर होती म्हनून. दर वेळी सांगतलं. हातानं करून दाखवलं लोकायले, एवढी एवढी बाहेर. अन् कोनाची होती ते एकदाही नाही इचारलं."

हर्षाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"कोनाची होती?"

"नाही सांगत."

"मले बी?"

"तुमाले बी."

"पाळक हाये मी या मंडळीचा. लोकं सारं मले येऊन सांगतेत."

"सारं नाही सांगत," हर्षाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी त्याची गोष्ट करता."

जीवनरावांनी मांडीवरचं पान उलटं केलं. कंपाउंडच्या भिंतीवरून बार्शीटाकळीच्या बसचा हॉर्न ऐकू आला आणि गेला.

"किती डाव सांगतली असंन मी?"

"माझ्यासमोर सव्वीस डाव."

"तू मोजली?"

"मोजायची सवय आहे हाताला."

"अन् जिची होती ती..." ते हळू आवाजात म्हणाले, "ती बसलेली राहे काय समोर? तवा?"

हर्षाबाई उठल्या. कूलरमधलं पाणी संपलं होतं. त्यांनी बादली नळाखाली लावली, आणि ती भरेपर्यंत त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्या वळल्या तेव्हा जीवनरावांनी चष्मा काढला होता आणि सदऱ्याच्या टोकाने ते काचा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पुस्तक आलं. चर्चच्या खांबांना शिंदीच्या झावळ्या बांधल्या होत्या, आणि पुढच्या टेबलावर पुस्तकांचे दोन गठ्ठे. मुखपृष्ठावर आता कूलर होता, घाईत काढलेला, एका बाजूला कललेला. पानं आधीच लागलेली असल्यामुळे प्रेसवाल्याने गोष्टींचे आकडे बदलले नव्हते. सोळानंतर एकदम अठरा.

हे सगळ्यांत आधी पाहिलं ते उत्तमरावांनीच. उपासना संपून पुस्तकं वाटली गेली होती. पहिल्या बाकावरून ते उठले आणि पुस्तक वर धरून म्हणाले, "पाळकसायेब, ह्याच्यात सतरा नंबर कुठी गेला? चपलाची गोष्ट कुठी हाये?"

"हाव, चपलाची!" मागून दोघे-तिघे म्हणाले.

"नाही छापली त तोंडी सांगा! जाता जाता एक डाव होऊ द्या!"

टाळ्या वाजल्या. बायांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, मनकर्णाने मांडीवरची झावळी दोन्ही हातांनी धरली होती. हर्षाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. एवढी मोठी मंडळी, एवढी हसायला आतुर, आणि जाता जाताचा रविवार. या माणसाला हशा किती आवडतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

जीवनराव उठून पुढे आले. त्यांनी एकदा घसा खाकरला. लोक आधीच हसू लागले.

"सतरावी गोष्ट मले पुरी माहीत नाही," ते म्हणाले.

हशा पिकला. ही सुरुवात आहे असं सगळ्यांना वाटलं.

"अर्धी पाह्यली होती. अर्ध्यावरच सांगत सुटलो, एकोणीस वर्षं. ज्याले गोष्ट पुरी माहीत हाये, त्यानं ते कधीच सांगतली नाही."

लोक पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. त्यांना सवय होती. आधी गंमत, मग थोडं थांबणं, मग बोध. जीवनराव थांबलेच होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रार्थना करू या."

उठलेल्या हशाचं काय करावं ते कोणाला कळलं नाही. उत्तमराव पुस्तक हातात घेऊन क्षणभर उभेच राहिले, मग बसले. प्रार्थना लहान झाली. तीत गोष्ट नव्हती.

नेहमीप्रमाणे जीवनराव दारात जाऊन उभे राहिले. पायरीखाली चपलांचा ढीग होता. सव्वाशे माणसांच्या चपला, मोठ्या, लहान, निळ्या, काळ्या. लोक एकेक करून बाहेर पडत होते, हात मिळवत होते, वाकून आपली जोडी शोधत होते.

हर्षाबाई आत टेबलावरची फुलं काढता काढता पाहत होत्या. एक बाई बाहेर पडली, आणि जीवनरावांची नजर हातावरून खाली, तिच्या पायांकडे गेली. अगदी क्षणभर. हर्षाबाईंचा हात थांबला. पाच नंबरचे पाय या मंडळीत फार नसणार. नुसतं उभं राहून पाहिलं, तरी आज दुपारपर्यंत नाव कळलं असतं.

मग जीवनरावांनी मान वर केली. समोर चर्चची घंटा टांगलेली होती. ते तिच्याकडे पाहू लागले. कोणी आलं की ते त्याच्या तोंडाकडे पाहत, "सलाम," म्हणत, हात मिळवत, आणि माणूस चपला घालायला वाकला की नजर परत घंटेवर नेत. ऊन डोळ्यांवर येत होतं, तरी मान वरच होती.

"सलाम, पाळकसायेब," मनकर्णा म्हणाली.

"सलाम, मनकर्णाबाई. तब्येत बरी हाये?"

"बरी हाये."

ती पायरी उतरली. खाली वाकली. जीवनरावांना घंटेवरची गंजलेली साखळी दिसत होती आणि तिच्यावर बसलेली एक चिमणी. मनकर्णाने चपला घातल्या, पदर सारखा केला, पुन्हा एकदा वळून त्या वर केलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि उत्तमरावांच्या मागे न जाता, त्यांच्या बरोबरीने चालू लागली.

शेवटचा माणूस गेल्यावर हर्षाबाई फुलं घेऊन दारात आल्या.

"गेले सारे?" जीवनरावांनी विचारलं. मान अजून वरच होती.

"गेले. आता पाहा खाली."

त्यांनी खाली पाहिलं. रिकाम्या पायरीशी दोनच जोड उरले होते, एक त्यांचा आणि एक हर्षाबाईंचा.