आबांचं कनेक्शन

कारखान्याच्या सर्व्हरला एका वेळी शंभरच कनेक्शनं पेलत. संचालकांच्या घरोघरी भिंतीवर टीव्ही होते आणि त्यांवर चालू गाळप दिसे. बघत कुणीच नसे. पण ज्याच्या भिंतीवर गाळप, तो माणूस मोठा, हे आष्टीपासून कड्यापर्यंत ठरलेलं. पुढं जावयांनीही टीव्ही लावून घेतले. एकेक टीव्ही एकेक कनेक्शन धरून बसे, एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालासारखा. वजनकाटा मात्र वजनापुरती जागा घेई आणि लगेच सोडून देई.

त्या सकाळी शंभर भरले. काट्याला जागाच उरली नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या दिपालीने खिडकीतून पाहिलं, तर रांगेत पहिलीच बैलगाडी तिच्या बापाची, बजरंगची. डावा बैल एक पाय उचलून उभा.

ती चेअरमन शिवशंकररावांकडे गेली, दोन-चार कनेक्शनं तोडते म्हणाली. त्यांनी नावं विचारली. एक मेव्हणा निघाला, एक रुसलेला, बाकीचे रुसण्याच्या बेतात. त्यापेक्षा शंभराचे दोनशे कर, म्हणाले. तेवढ्या ओझ्याने सर्व्हर बंद पडेल, असं तिने समजावलं.

"पोरी, सभासद वाढवले तवा कारखाना बंद पडला का?"

मग तिने न विचारता एकच कनेक्शन तोडलं. त्रिंबकआबांचं. आबा मागच्या हंगामात वारलेले. टीव्ही त्यांच्या फोटोसमोर चालू असे. निदान ते तरी रुसणार नाहीत.

काटा चालला. बजरंगची भरली गाडी मोजली गेली, गव्हाणीवर ऊस उतरला.

तिकडे टीव्ही काळा पडलेला पाहून आबांच्या सरस्वतीबाईंनी दुसऱ्यांदा हंबरडा फोडला. भावकी जमली. शेजारणींनी कडू घासाच्या भाकरी आणल्या. शिवशंकरराव दिपालीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि तिच्याच हाताने त्यांनी आबांना परत जोडून घेतलं.

रिकाम्या गाडीचं वजन राहिलं होतं. त्याशिवाय पावती निघत नाही.

ती बाहेर आली. ऊस गेलेला, पावती नाही, बाप काट्यापाशी उभा.

"माझा ऊस किती भरला?"

"गाडी धरून भरलाय, बाबा. रिकामी मोजायला जागा न्हाई. आबांची जागा काढली व्हती, परत द्यावी लागली."

"आबांची कावून काढली? लई देवमाणूस व्हता."

बजरंगने टोपी काढून आबांच्या घराकडे हात जोडले. मागे डावा बैल जुवासकट खाली बसला.